पहाटे साडेतीनची जाग, बँकेचं टार्गेट आणि "मेडिटेशन करा" हा सल्ला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना पुढचं कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. वय 41, सरकारी बँकेत अधिकारी, लोन डिपार्टमेंट, बदलापूरहून रोज सीएसएमटी. मिस्टर सोमवार ते शुक्रवार पुण्यात, मुलगा दहावीत, सासूबाई पॅरालिसिसचा झटका आल्यापासून अंथरुणात, दिवसा त्यांच्यापाशी ब्युरोच्या बाई असतात. गेले अडीच-तीन महिने पहाटे साडेतीनला जाग येते, छातीत धडधडतं, बँकेचा व्हॉट्सॲप ग्रुप वाजला की पोटात गोळा येतो, मुलावर ओरडता आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडता. ईसीजी नॉर्मल आलाय. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, मैत्रीण म्हणाली मेडिटेशन कर, जाऊबाईंनी पॉझिटिव्ह विचारांचे व्हिडिओ पाठवले. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की नोकरी सोडू का.

नोकरीचं शेवटी बोलू, कारण आत्ता त्याचं उत्तर दिलं तर ते चुकीचंच येईल, हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी.

मी कल्याण-डोंबिवली पट्ट्यात समुपदेशनाचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बँकवाले, शाळेतल्या शिक्षिका, नर्सेस आणि आयटीवाले जास्त, म्हणजे तुमच्यासारखी गोष्ट थोड्याफार फरकाने दर आठवड्याला ऐकते. त्यावरून सांगते, "टेन्शन घेऊ नका" याला मी सल्ला मानतच नाही. टेन्शन कुणी हौसेने घेत नाही. त्या डॉक्टरांना बहुतेक म्हणायचं होतं की हृदयाला काही झालेलं नाही, तेवढं सांगून थांबले असते तरी चाललं असतं.

बरं, ईसीजी नॉर्मल आला म्हणून तपासण्या संपल्या असं समजू नका हं. धडधड, मोडलेली झोप, चिडचिड, गळून गेल्यासारखं वाटणं, हे सगळं थायरॉईड बिघडला तरी होतं, हिमोग्लोबिन उतरलं तरी होतं, आणि पाळी जायच्या आधी जी काही वर्षं हॉर्मोन वरखाली होतात तेव्हाही होतं, आणि 41 हे वय त्यासाठी फार लवकर नाहीये. तेव्हा टीएसएच (थायरॉईडची तपासणी), सीबीसी (त्यात हिमोग्लोबिन कळतं), बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिन आणि उपाशीपोटीची साखर एवढं करून घ्या, आणि पाळीत काही फरक पडला असेल तर गायनॅकला तेही सांगा. बायकांच्या धडधडीला घाईघाईने टेन्शनचं लेबल लावून मोकळं व्हायचं, यावरून माझं काही डॉक्टर मंडळींशी जुनं भांडण आहे. आणि एक लक्षात ठेवा, बायकांना हार्ट अटॅक येतो तो नेहमी सिनेमातल्यासारखा छाती धरून येत नाही. अचानक दम लागणं, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, मळमळ, गार घाम असं काही झालं तर आधीचा ईसीजी नॉर्मल होता म्हणून घरी बसायचं नाही, सरळ 108 लावायचा.

आता साडेतीनचं. माझ्याकडे येणारे जवळपास सगळे हेच सांगतात, तीन, साडेतीन, चार, आणि बऱ्याच जणींना वाटतं की त्या वेळेतच काहीतरी अशुभ आहे, एकीने तर घराची वास्तुशांती परत करून घेतली होती. कारण साधं आहे. रात्रीच्या पहिल्या निम्म्या भागात झोप गाढ असते, दुसऱ्या भागात ती पातळ होत जाते आणि माणूस अधूनमधून वर येतोच, एरवी कूस बदलून परत झोपतो आणि सकाळी आठवतही नाही. त्यात कॉर्टिसॉल नावाचं हॉर्मोन मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं आणि पहाटेकडे चढायला लागतं, शरीर उठायची तयारी करत असतं. दिवसभर जी यंत्रणा ताणलेली आहे ती या पातळ झोपेत जरा चाहूल लागली की पूर्ण जागी होते, हृदय जोरात चालायला लागतं, आणि मग मेंदू कारण शोधतो. कारणं तर तयारच असतात, ती फाइल, तो हप्ता थकलेला कर्जदार, मुलाचं गणित. म्हणजे तुम्हाला वाटतं की विचारांमुळे जाग आली, पण बऱ्याचदा जाग आधी येते आणि विचार मागून येतात. हे कळलं तरी काही जणींची निम्मी भीती जाते.

साडेतीनला काय करायचं? पहिलं म्हणजे घड्याळ बघायचं नाही. मोबाईल उशाशी ठेवायचा नाही, हॉलमध्ये चार्जिंगला लावा, सासूबाईंसाठी कॉलबेल लागते तर ती वायरलेस बेल वेगळी मिळते, त्यासाठी मोबाईल नको. जाग आली आणि वीसेक मिनिटं झाल्यासारखी वाटली (अंदाजानेच, मोजायची नाहीत) तर अंथरूण सोडा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, काहीतरी कंटाळवाणं करा, लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला, आणि डोळे जड झाले की परत जा. बिछान्यात तळमळत पडून राहिलं की मेंदू शिकतो की बिछाना म्हणजे काळजी करायची जागा, आणि ते मोडायला मग वेळ लागतो. निद्रानाशाच्या उपचारात ही पद्धत 1970 च्या दशकापासून वापरात आहे आणि अजूनही तिच्यावर माझा गोळीपेक्षा जास्त भरवसा आहे. उठायची वेळ मात्र रोज तीच, रविवारी पण. आणि चार वाजताचा बँकेतला तो कडक चहा बंद, कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही अंगात असतो, म्हणजे रात्री नऊला तुम्ही अर्धा कप चहा पिऊन बसलेल्याच असता.

हे झालं रात्रीचं, पण रात्र दिवसाचंच बिल भरत असते, त्यामुळे खरं काम दिवसावर करायचंय आणि माझं मुख्य म्हणणं तिथेच आहे.

लोकांना वाटतं की काम जास्त म्हणून ताण जास्त. पूर्ण खरं नाहीये ते. रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मांडलं की कामाची मागणी किती आणि त्या कामावर माणसाचा ताबा किती, या दोन गोष्टी एकत्र बघायला हव्यात, मागणी जास्त आणि ताबा कमी ही जोडी सगळ्यात वाईट. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1967 पासून व्हाइटहॉल नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की हृदयरोगाने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांपेक्षा सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या लोकांत तिप्पटीच्या आसपास होतं. सिगरेट, ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरूनही बराचसा फरक उरत होता. 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बायकाही होत्या, आणि त्यात आपल्या कामावर आपला ताबा कमी असणं हे एक मोठं कारण पुढे आलं. म्हणजे जबाबदारी ज्यांच्यावर जास्त ते साहेब तुलनेने ठीक होते, आणि दुसऱ्याने ठरवलेलं काम दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेत करणारे आजारी पडत होते.

तुमचा दिवस या नजरेने बघा. गाडी वेळेवर येणं तुमच्या हातात नाही, टार्गेट तुम्ही ठरवत नाही, साहेब साडेपाचला काय मागतील ते माहीत नाही, कर्जदार हप्ता भरेल का ते त्याच्या हातात, सासूबाईंची तब्येत कुणाच्याच हातात नाही, आणि मुलाचे मार्क मुलाच्या हातात (हे पचायला जड आहे, पण आहे). चोवीस तासांत "हे मी ठरवलं म्हणून झालं" असं म्हणता येईल अशी एक गोष्ट सांगा बरं. म्हणून मी तुम्हाला श्वासाचे प्रकार, आहार, व्यायाम यापासून सुरुवात करायला सांगणार नाही. आधी या दिवसातला एखादा तुकडा परत हातात घ्यायचा. छोटा चालेल, पण तो खरोखर सुटायला हवा, मनाची समजूत नको.

त्यासाठी एक आठवडा वही ठेवा. भावना-बिवना लिहायच्या नाहीत, फक्त पोटात गोळा आला, धडधडलं किंवा आवाज चढला की वेळ आणि त्याच्या आधी काय घडलं ते एका ओळीत. मोबाईलमध्ये नको, वहीतच, कारण मोबाईल उघडला की ग्रुप दिसतोच. आठवड्याने बघितलं की बहुतेकांना आश्चर्य वाटतं, सगळा दिवसच वाईट आहे असं वाटत होतं आणि वहीत तर त्याच तीन-चार जागा परत परत आलेल्या असतात.

तुमच्या बाबतीत एक जागा मला आत्ताच दिसतेय, तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात. ब्युरोच्या बाई साडेआठला निघतात आणि तुमची गाडी चुकली तर सासूबाई एकट्या पडतील. म्हणजे रोज संध्याकाळी साडेपाचपासून साडेआठपर्यंत तुम्ही बँकेत असा, प्लॅटफॉर्मवर असा किंवा गाडीत असा, आतमध्ये एक घड्याळ चालू आहे. साहेबांनी साडेपाचला एक स्टेटमेंट मागितलं तर एरवी दहा मिनिटांचं काम, पण तुमच्यासाठी त्या दहा मिनिटांचा अर्थ सासूबाई अंधारात एकट्या. मध्य रेल्वेवर संध्याकाळी गाडी दहा-पंधरा मिनिटं लेट होणं ही काय बातमी आहे का, आणि सीएसएमटी ते बदलापूर 68 किलोमीटर आहे, तेवढा वेळ तुम्ही इंडिकेटरकडे आणि घड्याळाकडे बघत काढता, गॅस बंद केला की नाही आठवत नसताना प्रवास करावा तसं. हा ताण ना बँकेचा आहे ना घराचा, तो त्या अर्ध्या तासाचा आहे. आणि तो सुटण्यासारखा आहे! बाईंशी बोलून साडेआठचे नऊ करा आणि त्याचे जास्तीचे पैसे ठरवून द्या, लवकर पोचलात तरी कापायचे नाहीत. त्यांना जमत नसेल तर शेजारच्या कुणाकडे किल्ली द्या, आणि उशीर झालाच तर तुम्ही फोन करायचा आणि त्यांनी जाऊन बसायचं असं आधी नीट ठरवून ठेवा, ऐनवेळी विनवण्या नकोत. तुम्ही म्हणाल एवढ्याने काय होणार. करून बघा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणींना महिनाभर डोळे मिटून बसण्यापेक्षा असल्या अर्ध्या तासाच्या सोयीने जास्त बरं वाटलेलं आहे.

आता बँक. टार्गेट कमी करून मिळणार नाही, ते तुम्हालाही माहितेय, इन्शुरन्सच्या पॉलिसी विकायचा दट्ट्या असतो तोही जाणार नाही. पण साडेपाचच्या स्टेटमेंटबद्दल बोलता येतं. आपल्याकडे दोनच पद्धती असतात, एक तर मुकाट्याने करायचं आणि आतून धुमसायचं, नाहीतर एक दिवस सगळ्यांसमोर फुटायचं. तिसरी पद्धत म्हणजे निवड साहेबांसमोर ठेवायची. "सर, हे आत्ता करते, पण मग ती सँक्शनची फाइल उद्या बाराच्या आत जाणार नाही, आधी कुठलं हवंय?" नाही म्हटलेलं नाही, कारणं दिलेली नाहीत, सासूबाईंचं सांगून सहानुभूती मागितलेली नाही, फक्त दोन्ही गोष्टींना एकच माणूस आहे हे समोर मांडलं. पहिल्यांदा बोलताना आवाज थरथरेल, थरथरू दे. आणि सकाळी दहाच्या सुमाराला स्वतःहून जाऊन विचारा की सर आज आरओला, म्हणजे रिजनल ऑफिसला, काय काय पाठवायचंय. निम्मी साडेपाचची कामं सकाळी दहालाच माहीत असतात, कुणी विचारत नाही म्हणून ती साडेपाचला उगवतात.

निघायच्या आधी पाच मिनिटं, टेबलावर बसूनच, उद्याची तीन कामं आणि अर्धवट राहिलेल्या प्रत्येक फाइलचं पुढचं पाऊल कागदावर लिहा. "पाटील केस, व्हॅल्युएशन रिपोर्टसाठी फोन" एवढं पुरे. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, पण त्याचं पुढे काय करायचं हे लिहून ठेवलं की घोळणं बरंच कमी होतं. तो कागद ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, घरी आणायचा नाही.

रात्री साडेदहाला जो ग्रुप वाजतो, कुठल्या ब्रँचने किती लॉगिन केले, म्हणजे कर्जाचे किती नवे अर्ज सिस्टीममध्ये टाकले, त्याची यादी आणि खाली अंगठ्यांची रांग, तो म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. रात्री जेवणाआधी एकदा आणि सकाळी गाडीत एकदा बघायचा. खरंच काही पेटलं तर साहेब फोन करतात, मेसेज करून वाट बघत बसत नाहीत. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे, आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्याबद्दलचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलंय पण कायदा झालेला नाही, म्हणजे तूर्त म्यूटचं बटण हाच आपला कायदा.

रजेचं एक सांगायचं राहू नये. संवेदनशील कामावर असलेल्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. अर्थात ते तुमच्या मनःशांतीसाठी नाही, माणूस बाजूला झाला की त्याच्या टेबलावरचा घोटाळा असेल तर उघडा पडतो म्हणून. पण हेतू काहीही असो, तुमचं टेबल त्या यादीत येतं का ते विचारा, येत असेल तर ते दिवस तुमचेच आहेत, आणि त्या दिवसांत सासूबाईंच्या सगळ्या तपासण्या उरकायच्या असा बेत कृपा करून करू नका. निम्मे दिवस तरी रिकामे सोडा.

लोकलचा प्रवास. जाऊन-येऊन तीन तास म्हणजे आयुष्यच जातं हो, पण त्यातली चांगली गोष्ट ही की तेवढा वेळ तुमच्याकडे कुणी काही मागू शकत नाही, तुम्ही फोन उचलला नाहीत तर. बऱ्याच जणी हाच वेळ दुसरं ऑफिस करून टाकतात, पार्टीला फोन, मुलाला फोन, बाईंना फोन. दोघांनाच फोन करायचा, मुलाला एक आणि घरी बाईंना एक, कुर्ल्याच्या आत उरका. मग श्वास. हो, श्वासाचं सांगतेच आता, कारण ते इथे जमतं, बसायला मिळालं नाही आणि दांडीला लटकून उभ्या असलात तरी जमतं. नाकाने घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात, सोडणं लांब झालं की हृदयाची गती खाली आणणारी नस कामाला लागते. ठाणे ते कळवा एवढंच करा, रोज, डोळे मिटायची गरज नाही, कुणाला कळतही नाही. साडेतीनला धडधडेल तेव्हाही हेच करायचं, पण आधी गाडीत सवय झालेली असेल तरच ते रात्री चालतं, ऐनवेळी आठवून केलं की उलट जास्त घाबरल्यासारखं होतं. आणि डब्यातल्या ग्रुपमध्ये भजन म्हणणाऱ्या, मटार सोलणाऱ्या, एकमेकींच्या सासवांचे किस्से सांगणाऱ्या बायका असतील तर त्यांच्यात बसा. तुम्ही लिहिलंय की हल्ली तुम्ही डबा बदललाय, बोलायची इच्छा होत नाही म्हणून. परत जुन्या डब्यात जा. बोलू नका हवं तर, नुसत्या बसा.

घरचं. मिस्टरांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, "ते मदत करतात पण सांगावं लागतं". अख्खी गोम तिथेच आहे. काम त्यांनी केलं तरी लक्षात ठेवायचं काम तुमच्याच डोक्यात राहिलं ना. म्हणून "मदत" मागू नका, विभाग देऊन टाका. सासूबाईंची औषधं, फिजिओथेरपिस्टच्या वेळा, डॉक्टरची अपॉइंटमेंट, ब्युरोचा पगार आणि बाई सुट्टीवर गेल्या तर बदली बाई शोधणं, हे सगळं पुण्यात बसून फोनवर होतं, त्यांची आई आहे, त्यांच्याकडे द्या. दिल्यावर आठवण करायची नाही. एखाद्या आठवड्यात एखादी गोळी संपेल, तेव्हा ब्युरोच्या बाई त्यांना फोन करतील, तुम्हाला नाही, हे बाईंनाही सांगून ठेवा. (रोजच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा मात्र महिन्याचा साठा घरात जास्तीचा असू दे, तिथे प्रयोग नको.) आणि व्हिडिओ पाठवणाऱ्या जाऊबाईंना सांगा की व्हिडिओ छान होता, आता महिन्यातून एक शनिवार-रविवार आईंना तुमच्याकडे न्या, किंवा त्यांना हलवणं शक्य नसेल तर तुम्ही इथे येऊन राहा. लोकांना काय करावं कळत नाही म्हणून ते सल्ले पाठवतात, नेमकं काम सांगितलं तर बरेच जण करतात, आणि जे करत नाहीत त्यांचे निदान व्हिडिओ तरी थांबतात.

मुलावर ओरडता त्याचा फार बाऊ करू नका, पण सोडूनही देऊ नका. ओरडून झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडण्यापेक्षा तासाभराने त्याच्याकडे जाऊन दोन वाक्यं बोला. "मगाशी ओरडले, ते तुझ्यामुळे नव्हतं, बँकेतलं घेऊन आले होते." एवढंच, त्याला मग अभ्यासाचं लेक्चर जोडायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलं असं ऐकून "बरं" म्हणतात आणि मोबाईलकडे बघतात, त्याचा अर्थ पोचलं नाही असा नसतो. त्यालाही घरातलं एक काम द्या, रात्री आजीला पाणी आणि कूस बदलायला हात लावणं, दहावी आहे म्हणून मुलांना घरातल्या अडचणींपासून पूर्ण लांब ठेवायची पद्धत मला काही पटत नाही, त्यांना सगळं दिसतच असतं.

मेडिटेशन वाईट आहे का, तर अजिबात नाही, ज्याला आवडतं त्याने करावं, शवासनात पडलं तरी बरं वाटतं. पण झोप मोडलेली, छाती धडधडतेय अशा अवस्थेत शांत बसायला गेलं की पहिले काही दिवस आतला गोंगाटच मोठ्याने ऐकू येतो, आणि मग माणसाला वाटतं आपल्याला हेही जमत नाही. कुणी दहा दिवसांचं मौनाचं शिबिर सुचवलं तर आत्ता नको, झोप सावरल्यावर. पॉझिटिव्ह विचारांचं तर मी स्पष्टच सांगते, सगळं छान होईल असं स्वतःला पटवायची गरज नाही, कारण तुम्हाला ते पटणार नाहीये, तुम्ही लोन डिपार्टमेंटला आहात, खोटे कागद ओळखायची तुमच्या डोळ्यांना सवय आहे. त्यापेक्षा काळजीला वेळ नेमून द्या. संध्याकाळी घरी आल्यावर वीस मिनिटं, खुर्ची ठरलेली, वही घेऊन बसायचं आणि जेवढ्या काळज्या आहेत तेवढ्या लिहायच्या, हातातली कुठली, हातात नसलेली कुठली अशी खूण करायची. दिवसात इतर वेळी काळजी आली की तिला सांगायचं, नऊ वाजता. ऐकायला पोरकट वाटतं, पण दोनेक आठवड्यांत फरक दिसतो.

आता जरा गंभीर. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणायची नाही, शेजारणीची उरलेली तर नाहीच. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पहिल्या रात्री जादू करतात, पण त्यांची सवय लागते, आणि मग अचानक बंद केल्या की धडधड आधीपेक्षा जास्त परत येते. मानसोपचारतज्ज्ञाने ठराविक दिवसांसाठी दिली आणि लक्ष ठेवलं तर गोष्ट वेगळी. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, भूक गेली असेल, आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटत असेल, तर त्याला नुसता ताण म्हणत बसू नका, ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्याची औषधं लागू पडायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडायची नाहीत. तुम्ही लिहिलंय, "कधीकधी प्लॅटफॉर्मवर उभी असताना नको ते मनात येतं." ते वाक्य मी वाचलंय, तुम्ही पटकन पुढे गेलात तरी. तो विचार परत आला तर प्लॅटफॉर्मच्या कडेपासून मागे या, बाकावर बसा आणि कुणाला तरी फोन करा, मिस्टरांना करा, मैत्रिणीला करा, किंवा 14416 ला. ही सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि वाट न बघता याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या, बाकी सगळं त्यानंतर. खासगी परवडत नसेल तर ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, तिथे जाणारे सगळे "तसले" असतात हा गैरसमज सोडा, ओपीडीत तुमच्यासारखे नोकरी करणारे पुष्कळ असतात. तिथे जाऊन आलं म्हणजे बँकेत कुणाला कळवायची सक्ती नाही. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही कव्हर देणं बंधनकारक केलंय, तुमच्या ग्रुप पॉलिसीत काय आहे ते बघून घ्या.

नोकरी. मार्च एंडिंग आणि दहावीची परीक्षा एकाच वेळी डोक्यावर असताना, झोप साडेतीन तासांवर आली असताना, राजीनाम्याचा निर्णय घ्यायचा नाही. जून उजाडू दे. तोपर्यंत तीन गोष्टींची माहिती काढून ठेवा, कारण माहिती काढण्याने काही बिघडत नाही. एक म्हणजे बदली, ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातल्या ब्रँचला किंवा लोन सोडून दुसऱ्या डिपार्टमेंटला, घरच्या आजारपणाचे कागद जोडून लेखी अर्ज, तोंडी विनंतीचं काही खरं नसतं. दुसरी म्हणजे बऱ्याच सरकारी बँकांत महिलांसाठी सब्बॅटिकलची, म्हणजे लांबच्या बिनपगारी रजेची, सोय आहे, पूर्ण नोकरीत मिळून दोन वर्षांपर्यंत, फारच थोड्या जणी ती वापरतात कारण कुणी सांगत नाही, तुमच्या बँकेचं सर्क्युलर एचआरकडून मागवा. तिसरी म्हणजे पैसे, घराचा हप्ता, ब्युरोचा पगार, मुलाच्या अकरावीची फी हे सगळं मिस्टरांच्या एका पगारात बसतं का, दोघांनी मिळून कागदावर मांडा, अंदाजाने नको. हे तिन्ही हातात आल्यावर, झोप निदान सहा तासांवर आल्यावरसुद्धा तुम्हाला सकाळी बँकेत जाऊ नये असंच वाटत असेल तर मग सोडायचा विचार जरूर करा, त्यात काही हरल्यासारखं नाही. आणि त्या तिघांतलं एखादं जमून गेलं, साधी कल्याणला बदली जरी झाली, तर तुमचा प्रश्न नोकरीचा होता की 68 किलोमीटरचा, हे तुम्हालाच कळेल.

वहीचा आठवडा झाला की परत लिहा, वहीत काय निघालं ते. थायरॉईडचा रिपोर्ट आला की तोही सांगा.